वास तू सांग

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत,
ओहोटी लागायच्या आधी,
बस्त्याव लोबोने मला इंजिन सुरू करायला लावलं
आणि स्वतः मागे जाऊन उकिडवा बसला
एग्झॉस्टच्या तोंडाशी.

"रंग माका दिसता," म्हणाला, "धवो आसा.
वास तू सांग."

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं.
त्याआधी तो नुसता धक्क्यावरून चालत जायचा
आणि सांगायचा, कुणाची रिंग झिजलीय,
कुणी रॉकेल मिसळलंय.
त्याला येताना बघून लोक कॅन झाकत.

मी नाक पुढे केलं. शब्दच सुचेना.
जळकं? ओल्या गोणपाटासारखं काही?
"तसां नको. डोळ्यांत झोंबता?"
नाही.
"पाण्यार तवंग?"
नाही. वर जातो आणि विरतो.
"मगे ती वाफ. पाणी कमी पडता."

त्याने धारेखाली तळहात धरला,
लेकराच्या अंघोळीचं पाणी बघावं तसा,
आणि झटकन मागे घेतला.
एरवी ही होडी ठोक्यागणिक चूळ टाकायची.
आज तिची चूळ अर्धीच.

वर डोलकाठीला शीड गुंडाळलेलं.
वडील म्हणायचे, शिडाला नाक लागत नाही,
वारा गालाला कळतो.

पंप उघडला. रबराची चक्री शाबूत,
सगळी पाती जागेवर.
मग नळी. मग तो लोखंडी कोपरा,
जिथे समुद्राचं पाणी धुराला भेटतं.
चार बोल्ट. तिसरा गंजून बसलेला,
त्याच्यापायी संध्याकाळ गेली
आणि माझं एक नख.

आत मीठ नि काजळी मिळून
कालवासारखा थर.
उरलेल्या वाटेतून माझी करंगळीही जाईना.
"सात वर्सां," बस्त्याव म्हणाला,
"सात वर्सां ही बाय असो श्वास घेता
आणि तुमी पंपाक गाळी घालतास."

खरवडलं, ठोकलं, परत लावलं.
भरती पुन्हा चढली तेव्हा
बॅटरीच्या उजेडात धार सुटली,
भरलेली, कोमट.
त्याने हात धरला तिच्याखाली, बराच वेळ.

"आता काय येता?"
काही नाही, म्हटलं. म्हणजे खाडी येते. चिखल.
पलीकडे कुणीतरी बांगडा भाजतंय.
"बांगडो?"

ओला हात त्याने सवयीने नाकाशी नेला,
तिथे जरा जास्तच ठेवला,
मग पँटला पुसून म्हणाला,
"बंद कर. डिझेल जळता."