शेऱ्याचा रकाना

पावसाचा आकडा तोच होता,
एकशे बारा मिलिमीटर.
वीस वर्षांपूर्वीच्या वहीतही तोच,
लोटन आप्पाच्याच अक्षरात.
तेव्हा पांझरा पट्टीवर साडेतीनला थांबली होती.
परवा पहाटे
पट्टीच दिसेना.

आप्पा म्हणाला, आभाळानं तर मोजूनच दिलं,
मधल्या मधी हिशोबात कोणी हात मारला?
पाणी ओसरल्यावर चपला काखेत मारून
निघाला नदीच्या उलट्या अंगाने.

आधी लागली भीत.
शिवारातून सरळ आडवी, काळी,
कोणीच न बांधलेली.
भुई फाटली तेव्हा खालून उकळत वर आली
अन् तिथेच थिजली.
नदीने युगानुयुगं घासून
तिच्यात एक खिंड मिळवली होती,
बैलगाडी जाईल एवढीच.
पूर इथे ताटकळायचा.
रांगेत उभा राहायचा, म्हण ना.
आता खडीवाल्याने खिंडीची वेस केली आहे.
चार डंपर शेजारी शेजारी जातात.
पूरही तसाच गेला.

पुढे काळी.
काळी पहिला तास भेगांतून घटाघटा पिते,
मग फुगते, तोंड मिटते,
नंतर पडेल ते पाणी वरच्या वर.
तिचा स्वभाव आप्पाला लहानपणापासून ठाऊक.
पण बांध कुठे होते?
अर्ध्या एकराच्या लोभापायी नांगरले.
नाला कुठे होता?
वळणं काढून सरळ केला, पट्टीने आखल्यासारखा,
त्याच्या जुन्या पोटात
चुन्याच्या रेघा, प्लॉट नंबर चौदा ते एकोणतीस.

डोंगराच्या बोडक्या कुशीत
ठेलाऱ्याची धोंडाबाई मेंढरं घेऊन उभी होती.
अंजनाची खोडं दाखवत म्हणाली,
"पानीले टेकाले जागाच राहिनी नही, भाऊ."
आप्पा खोडावर बसला.
खालचा कातळ धुतलेल्या ताटासारखा चमकत होता.

रात्री वही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात
वीस वर्षं तो एकच शब्द लिहीत आला: निरंक.
या वेळी लिहिलं,
'पाऊस नेहमीचाच. वाट बदलली.'

धुळ्याहून वही परत आली.
शेरा नमुन्यात बसत नाही, खोडावा.

आप्पाने खोडला नाही.
रंगाचा डबा घेऊन नदीवर गेला,
नवी पट्टी रोवली.
शून्य होतं तिथेच ठेवलं.
वर मात्र
दोन मीटर वाढवले.