शेरा

रांग तीन, क्रमांक नऊ.
सिमेंटचा क्रूस, घरीच ओतलेला.
अक्षरं खिळ्यानं काढलेली,
त्यातलं एक उलटं.
उलटंच उतरवते.

वही माझ्या हातात देताना
ओरेस्ट ह्रिंकोनं एवढंच बजावलं होतं:
दगडावर आहे तसं लिही, व्हेर्ना.
सुधारायचं नाही. तुला काही माहीत असेल
तर शेवटचा रकाना आहे, शेऱ्याचा.
तो आता रांग बारामध्ये आहे, क्रमांक एक.
त्याच्या नावात मात्र चूक नाही,
दगड त्यानं आधीच करून ठेवला होता.

सस्कॅचवानच्या या कोपऱ्यात
चर्चची घंटा वर्षातून एकदा वाजते.
बाकी वारा, आणि गव्हाच्या ट्रकांची धूळ.
सकाळी नऊच्या आत यावं लागतं,
ऊन आडवं असतं तोवर.
पुढे आरसा.
माझ्या स्कूलबसचा, डाव्या बाजूचा,
निवृत्तीच्या दिवशी स्क्रू काढून आणलेला
(कुणी विचारलं नाही).
त्यातून ऊन तिरपं पाडलं की
कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर
अक्षरं उठतात,
थंडीनं अंगावर काटा यावा तशी.

रांग चार, सात ते बारा: काही नाही.
तिथं लाकडी क्रूस होते. सदतीस साली
आगगाडीच्या ठिणगीनं गवत पेटलं.
कोण होते ते सांगणारेही
एकेक करून पुढच्या रांगांत आले.
गोफरनं एकदा तिथून
शिंपल्याचं बटण वर आणून टाकलं,
चार भोकांचं.
ते शेऱ्यात लिहिलं. दुसरं कुठं लिहिणार?

हिवाळ्यात ब्राझीलहून पत्र आलं,
लिदिया म्हणून कुणी बाई.
तिच्या पणजीची बहीण परास्का, तिमकोची बायको,
अठराच्या साथीत गेली म्हणतात,
एक फोटो मिळेल का?

बाई, त्या नोव्हेंबरात इथं
आठ दिवसांत तीन परास्का गेल्या,
आणि त्यातल्या दोघींचे नवरे तिमको.
एकीचा दगड म्हणतो चार तारीख,
चर्चची वही म्हणते सहा.
चारला ती गेली असेल.
सहाला, घोडा जुंपण्याइतकं
कुणीतरी त्या घरात उभं राहिलं असेल.

बर्फ वितळल्यावर दोघींचे फोटो पाठवले.
दुसरीच्या क्रूसाच्या पायथ्याशी
ओल्या सिमेंटात उमटलेला एक पंजा आहे,
तीन-चार वर्षांच्या पोराचा.
मुद्दाम टेकवलेला, की नको नको म्हणताना,
ते दगड सांगत नाही.
मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला.
सिमेंट गार होतं.
बोटांची दोन-दोन पेरं बाहेर राहिली.

लिदियानं तोच फोटो ठेवून घेतला.
हीच असणार, असं कळवलं.
शेऱ्यात लिहिलं: नातेवाइकांच्या मते.

आज रांग अकरा. बरेच दिवस टाळत होते.
क्रमांक दोन. इथं आरसा लागत नाही,
काळा ग्रॅनाइट, यंत्रानं कोरलेला.
मिखाइलो सावचुक, जन्म १९१४.

जन्म पंधरा सालचा.
दगडवाल्याला फोनवर साल मी सांगितलं,
तीन रात्री जागून, हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून.
बदलायचे दोनशे डॉलर पडतील म्हणाला.
आई म्हणाली, राहू दे गं,
तेवढंच एक वर्ष जास्त मिळालं त्याला.

एकोणीसशे चौदा.
आहे तसं.
मग पेन थोडा वेळ तसंच राहिलं,
वारा पान उलटू बघत होता,
त्यावर आरसा पालथा घातला.
शेरा: साल मुलीनं सांगितलेलं.

क्रमांक तीन: आई. तारखा बरोबर.
क्रमांक चार: गवत.
शेरा: पैसे भरलेले आहेत.