चाळीस बुश

पदवी अजून नळकांड्यातच आहे,
कपाटावर, जास्तीच्या गाद्यांमागे.
आई म्हणते, फ्रेम करून घे,
दांडिया बाजारातला काचवाला तासाभरात देतो.
मी म्हणते, रविवारी.
असे अकरा रविवार झाले.

साडेसातला स्कूटर लालबागच्या पुलावर,
आठच्या आत मकरपुरा.
फाटकापाशीच हवा बदलते:
कटिंग ऑइल, ओलं लोखंड,
कुणाच्या तरी डब्यातला हिंग.

चार वर्षं मी धातूंबद्दल वाचलं.
कितव्या ताणाला वाकतो, कितव्याला तुटतो,
आलेख काढलाय, पैकीच्या पैकी.
गरम कीस मनगटाला कसा चावतो
हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी एका ड्रॉइंगवर सही केली.
आयुष्यातली पहिली सही
जिचं पुढे काहीतरी होणार होतं.
बाहेरच्या व्यासाला अधिक हवं होतं,
मी उणे लिहिलं.
एवढीशी उभी रेघ राहून गेली.
पेपरात असती तर अर्धा मार्क गेला असता.
इथे चाळीस बुश झाले,
गनमेटलचे, पिवळेधमक,
पेढीवर मांडावेत इतके देखणे,
आणि एकही आपल्या घरात बसेना.
बोटाने ढकलला की आरपार.

जशुभाईंनी काढले होते ते.
आठवी नापास, चौतीस वर्षं एकाच लेथवर.
पहिल्याच बुशला शंका आली होती, म्हणाले.
मग बोलला का नाहीत?
चष्मा पुसत राहिले.
‘बेन, सही तो तमारी हती ने.’

मी ओरडा खायला तयार होते,
घरून रडून आले होते आधीच.
ठक्करशेठनी फक्त वजन करायला लावलं
आणि भंगाराचा भाव
माझ्याच हातून वहीत लिहून घेतला.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास
मी लेथपाशी उभी असते.
मायक्रोमीटर मला येतो, म्हटलं होतं मी,
लीस्ट काउंटचं सूत्र म्हणूनही दाखवलं.
जशुभाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला,
परत दिला, आणि म्हणाले, डोळे मीट.
रॅचेट तीनदा बोलेल. मग थांबायचं.
चौथ्यांदा विचारायचं नाही.

मी चौथ्यांदा विचारते अजून.

ग्रुपवर केतकी तिच्या पुण्याच्या ऑफिसातली कॉफी टाकते,
ओजसचा म्युनिकमधला बर्फ.
मी माझ्या नखांचा फोटो काढला एकदा,
कडेकडेने काळी महिरप,
आणि पाठवायच्या आत पुसला.

परतीच्या वाटेवर कलाभवन लागतं.
घुमटाखाली तीच मुलं,
पाठीवर तीच नळकांडी, तीच घाई.
परवा एकीने थांबवलं, तायडे, व्हायवाला काय विचारतात?
खूप काही सांगता आलं असतं.
म्हटलं, अधिकचं चिन्ह काढताना
आधी उभी रेघ ओढ.
ती बघतच राहिली.
तिला वाटलं असणार, नोकरीने हिचं डोकं फिरलंय.

आज बाराव्या रविवारी गेले शेवटी.
नळकांड्यात राहून कागदाला वळण पडलेलं,
सोडला की पुन्हा गुंडाळी.
काचवाल्याने तीन कोपऱ्यांवर काचेच्या पट्ट्या ठेवल्या,
चौथ्यासाठी इकडेतिकडे बघू लागला.
मी पर्समधून बुश काढून ठेवला.

चाळीसातला एक. जशुभाईंनी माझ्या टेबलावर ठेवला होता
दुसऱ्या दिवशी, काही न बोलता.

त्याने पट्टी लावली, पेन्सिल कानामागे खोचली.
चारी बाजूंनी एक सूत सैल ठेवतो, म्हणाला,
दमट हवेत फुगतो, गच्च बसवला तर पोक येतं.
एक सूत म्हणजे नक्की किती? मी विचारलं.
अधिक उणे किती धरता?

त्याने बुशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘ताई,’ म्हणाला, ‘कागद आहे हा.’