तेविसावी फ्रेम

बाहेर उणे अठरा. तार्तूतली जानेवारी.
हीटरनं घरातली हवा इतकी वाळवलीय
की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी चावते.
फिल्मला अशी हवा सोसत नाही.
पाकिटातून पट्टी काढली रे काढली
की खोलीभरची धूळ तिच्याकडे धावते,
बोलावणं आल्यासारखी.

म्हणून स्कॅनर न्हाणीघरात, वॉशिंग मशीनवर.
आधी तीन मिनिटं गरम पाणी सोडायचं,
वाफ खाली बसू द्यायची, वाफेबरोबर धूळही.
लोकरीचा स्वेटर बाहेर. मांजर बाहेर.
(ते दाराखालून पंजा घालतं. घालू दे.)
मग सुती हातमोजे, रबरी फुगा, मऊ ब्रश,
काचेवर तिरपा टॉर्च.
तोंडानं फुंकायचं नाही;
फुंकर म्हणजे निम्मी थुंकी,
हे एक पट्टी वाया घालवून शिकले.

निगेटिव्ह वडिलांच्या.
स्मेना कॅमेरा, बूट ठेवायच्या खोक्यात एकोणीस रोल,
पंचेचाळीस वर्षं धूळ खात पडलेले.
वडीलही कुंडाच्या सिमेंट कारखान्यात, भट्टीवर,
नोकरीभर तेच खात होते.
शेवटी डॉक्टरनं एक्स-रे दिला
आणि आईनं तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरला:
काळ्यावर पांढरे ठिपके.
ती म्हणाली, काच पुसायला हवी.

स्कॅनरला धूळ काढायचं एक बटण आहे.
डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात तो फिल्म तपासतो
आणि आडवं येईल ते गाळून टाकतो.
रंगीत फिल्मवर चालतं.
कृष्णधवल फिल्मवर चांदी असते,
आणि चांदी कुठली, धूळ कुठली, त्याला कळत नाही.
एकदा दाबून पाहिलं.
त्यानं तीनाची दोन्ही भुवई पुसली.

तेव्हा हातानंच. ठिपका, क्लिक. ठिपका, क्लिक.
तेविसावी फ्रेम: आई दोरीवर चादरी टाकतेय,
तोंडात चिमटा, मागे चिमणी, वर आभाळ.
आभाळाला देवी आल्यागत ठिपकेच ठिपके.
तीनाला हा फोटो मोठा करून हवाय,
आईच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला.
"आणि स्वच्छ कर नीट," फोनवर. "तुझं काम नेहमी अर्धवट."

रात्री एकपर्यंत आभाळ धुतलं.
पाठ मोडली. आभाळ कोऱ्या कपासारखं झालं.
मग दात घासताना,
ब्रश तोंडात असतानाच, लक्षात आलं:
काही ठिपके काळे होते.

निगेटिव्हवर आज बसलेली धूळ
उजेड अडवते, उलटल्यावर पांढरी दिसते.
ती माझी: माझी कातडी, माझं मांजर.
काळा ठिपका पडतो तो
फोटो काढतानाच कॅमेऱ्यात धूळ असेल तर.
म्हणजे ती त्या दुपारची.
भट्टीवरून घरी आलेल्या बोटांनी
रोल भरताना आत गेलेली.

फेस थुंकून परत बसले. 'मागे' दाबत गेले.
सॉफ्टवेअरला फक्त शेवटच्या वीस गोष्टी आठवतात.
मी दोनशेच्या वर पुसल्या होत्या.
पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा वाफ, पुन्हा हातमोजे,
पुन्हा पट्टी, आणि अर्थात पुन्हा नवी धूळ.
या खेपेला एकेक ठिपका मोठा करून पाहिला.
पांढरा असेल तर क्लिक.
काळा असेल तर पुढे.

तीना म्हणाली, "हे स्वच्छ?"
मी केक कापत राहिले.

आईनं फोटो हातात घेतला,
चष्म्याच्या आधीच त्यावर फुंकर मारली,
बाहीनं आभाळ पुसलं. एकदा. दोनदा.
मग चष्मा लावला.
"हं," म्हणाली, "त्या दिवशी वारा कारखान्याकडनं होता.
सगळ्या चादरी परत धुवाव्या लागल्या मला.
आणि हा आपला म्हणतोय, हलू नकोस."