सही जुळत नाही

नवीपेठेतल्या माझ्या टेबलापुढे
अंबव्वा गड्डम, तिसरा हेलपाटा.
परिपत्रक नवं, एकतीसनंतर खातं गोठणार.
ब्याण्णवची सही तेलुगूत,
गोल गोल, चादरीच्या काठासारखी.
पुढे नातीबरोबर मराठी गिरवली,
आता हात तिकडं वळत नाही.

अंगठा लावा म्हटलं.
मशीन लाल.
पदराला पुसला, पुन्हा लाल.
चाळीस वर्षं विड्या वळताना
रेषा पानाबरोबर गुंडाळून गेल्या,
हजाराला किती, तो हिशेब मात्र तोंडपाठ.

"मीच हाय की."
ते मला माहीत आहे, मावशी.

'न जुळण्याचं कारण' उघडलं.
यादीत वय होतं, अपघात होता,
विड्या नव्हत्या.

दोनला सर्व्हर बसला.
तिनं पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढली,
"तुमच्या साहेबाला द्या," म्हणाली,
"जो कोण हाय त्याला."