ओसरी

आप्पा बळवंत चौकात पहिल्या मजल्यावर
माझं टेबल, बत्तीस वर्षं.
लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका,
कधी श्रद्धांजलीचा मजकूर, घाईचा.

तेव्हा एकेक गोष्ट वेगळी बसवावी लागायची.
बोरवणकर तापकीर गल्लीतून सीडींचं पाकीट घेऊन यायचे,
"तासभर हात लावू नका, बाई,"
आणि निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची.
फॉन्टचं डोंगल हरवलं तर अक्षर गेलं,
म्हणून ते किल्ल्यांच्या जुडग्यात.
डी ड्राइव्हमध्ये फोल्डर, फोल्डरांना आडनावं.

ब्राउझर कोपऱ्यात कुठेतरी.
दहावीचा निकाल पाहायचा
आणि बंद करायचा, फोनचं बिल चढतं म्हणून.

भटाला दिली ओसरी.
आधी त्याने टपाल आणलं,
मग हिशेबाची वही,
मग म्हणाला, पत्रिका इथेच जुळवा की.
मी देवस्थळी, मला ही म्हण कोणी ऐकवायला नको,
तरी पाय कधी पसरले कळलं नाही.

भाच्याने नवं मशीन आणलं.
झाकण उघडलं की थेट ब्राउझर.
"डी ड्राइव्ह कुठाय रे?"
"नाहीये, मावशी."
"सी?"
तो हसला.

खिडकीच आहे, मागे घर नाही.
पाच तारखेला कार्डातून भाडं जातं,
फॉन्टचं वेगळं, जागेचं वेगळं.
हे दुकान पागडीचं; मालकाला महिना बावन्न रुपये.

खोटं का बोलू, सोय आहे.
गुरुवारी वीज जाणार म्हणून
दर ओळीला कंट्रोल एस दाबायचे.
आता काही साठवावं लागत नाही.
करंगळीला हे अजून सांगितलेलं नाही.

परवा रुईकर आले. मुलीच्या पत्रिकेला
स्वतःच्या पत्रिकेची महिरप हवी, अठ्ठ्याण्णव सालची.
जुनी फाइल नव्या खिडकीत टाकली.
महिरप आली. मजकुराच्या जागी
डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं,
आणि श्री असणार तिथे
पाउंडाचं चिन्ह.

रुईकर म्हणाले, "हे आम्हीच का?"

जुनं मशीन लावलं. चार मिनिटं पंखा ओरडला.
डोंगल खुपसलं, किल्ल्यांसकट.
चि. सौ. कां. पद्मजा, वेलांटीच्या वळणासकट.
या पडद्यावर वाचत त्या पडद्यावर टाइप केलं,
ऱ्हस्व-दीर्घ तपासलं,
आणि करंगळी खाली गेलीच.

खिडकी म्हणाली,
सगळे बदल आधीच साठवले आहेत.