लेखनसीमा

रात्री अडीचला, ओबनच्या धक्क्याकडच्या खोलीत,
सर्व्हर दार उघडतो: दोनशे वीस.
पलीकडून कुणी म्हणतं, हेलो,
आणि आपलं गाव सांगतं.
एवढं झाल्याशिवाय इथे कुणी कुणाशी बोलत नाही.

कुणाकडून? दोनशे पन्नास, बरं.
कुणासाठी? दोनशे पन्नास, बरं.
तीनशे चौपन्न: सांग आता, ऐकतोय.
मग पाण्याचं तापमान, खारटपणा, लाटेची उंची,
बॅटरीत उरलेला जीव,
आणि शेवटी एका अख्ख्या ओळीवर एकच टिंब.
बहुत काय लिहिणे, म्हणत
पेशव्यांचे कारकून कागदाच्या तळाशी
लेखनसीमेचा शिक्का उठवायचे, तसं.
पुढे कुणी काही घुसडू नये.
मजकुरातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू झाली
तर तिच्यापुढे आणखी एक टिंब ठेवतात,
पलीकडचा ते हळूच काढून घेतो.
हा शिष्टाचार मला फार आवडतो.

बॅरा बेटाच्या पश्चिमेला तरंगतो तो बोया,
एकोणीस नंबरचा.
दर सहा तासांनी आकाशाशी बोलतो.
उपग्रह ते कुठल्यातरी वाळवंटातल्या तबकडीत टाकतो,
तिथून पत्र होऊन ते निघतं,
प्रत्येक मुक्कामाचा शिक्का डोक्यावर घेत,
शेवटचा सगळ्यांत वर.
खाली खाली वाचत गेलं की समुद्र लागतो.

फेब्रुवारीत फर्गस गन निवृत्त झाला.
एकतीस वर्षं. केक, भाषण, भेट म्हणून बॅरोमीटर.
सोमवारी ऑफिसने त्याचा पत्ता पुसला.
बोयाला कुणी सांगितलं नाही.
तो फर्गसलाच लिहीत राहिला
आणि माझा सर्व्हर, मीच शिकवलेला, म्हणत राहिला:
पाचशे पन्नास. या नावाचं इथे कुणी नाही.
परत गेलेल्या पत्रावर
पाठवणाऱ्याची जागा कोरी असते,
नकाराला उलट नकार येऊ नये म्हणून.
अकरा दिवस. चव्वेचाळीस निरोप.
मधे एक वादळही होऊन गेलं.
आलेखात त्या जागी रेघ तुटली आहे.
निबंधात आम्ही लिहिलं, तांत्रिक अडचण.

मी त्याचं नाव परत यादीत घातलं.
मागे माणूस नाही, नुसतं एक फोल्डर.
बोयाला तेवढं पुरतं.

शनिवारी फेरीने लिझमोरला गेले, कबूल करायला.
फर्गस खुराड्याचं दार ठोकत होता.
तोंडात दोन खिळे धरूनच त्याने सगळं ऐकलं.
मग विचारलं, बॅटरी?
साडेअकरा व्होल्ट.
पुढचा निरोप कधी?
अडीचला.
त्याने घड्याळ पाहिलं. सव्वादोन.
थोडा वेळ आम्ही कोंबड्यांविषयी बोललो,
मग गप्प झालो.